दादासाठी घर शोधतेय: ऐकू येत नाही, आता दिसतही नाही (कोल्हापूर)

दुधाळीकर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

माझा मोठा भाऊ, वय ४१. जन्मापासून ठार बहिरा. मूकबधिर शाळेत शिकला, खुणांची भाषा एक नंबर. उद्यमनगरात एका शेडमध्ये ड्रिल मशीनवर बारा वर्षं काम केलं. लहानपणी तो उशिरा चालायला लागला आणि दिवेलागणीनंतर भिंत धरून चालायचा. आम्ही भावंडं त्याला भित्रा म्हणून चिडवायचो. तिशीत दोनदा बोटं मशीनखाली जाता जाता वाचली, तेव्हा डॉक्टरांनी डोळ्याचा पडदा तपासला आणि नाव कळलं: अशर सिंड्रोम. जनुकातला एकच दोष, आधी कान घेऊन जातो, मग सावकाश डोळे. नळीतून बघावं तसं त्याला दिसायचं, ती नळी दरवर्षी बारीक होत गेली. आता दारातला उजेड तेवढा कळतो.

घरात त्याचं सगळं आईच्या हातांवर चालतं. हे अक्षरशः. आई खुणा करते, तो तिच्या हातांवर आपले हात ठेवून त्या वाचतो. माणसाचं किंवा गावाचं नाव असलं की ती त्याच्या तळहातावर बोटानं अक्षरं काढते. आईला तो पाटलीवरून ओळखतो. मनगट चाचपलं आणि पाटली लागली की चेहरा खुलतो. मला ओळखतो घड्याळावरून. मध्ये घड्याळ दुरुस्तीला टाकलं होतं, तर मी हात पुढं केल्यावर माझाच हात झटकून टाकला पठ्ठ्यानं.

रिकामा बसत नाही. मशीन सुटल्यावर सुभाषनगरातल्या एका चप्पल करणाऱ्या काकांनी वेण्या घालायला दिल्या. चामड्याच्या बारीक वाद्या मांडीवर घेऊन बसतो, दिवसाला ठरलेल्या वेण्या पाडतो. एखादी वादी जाड निघाली तर बोटालाच कळतं, बाजूला टाकतो.

फेब्रुवारीत आई (वय ७२) न्हाणीत पडली, खुब्याचं हाड मोडलं. २३ दिवस दवाखाना. मी सांगलीहून रजा काढून आले. आई कुठं गेली हे दादाला समजावायला मला दोन दिवस लागले, कारण माझ्या खुणा बालवाडीतल्या. तो तासातासाला तिच्या खाटेवर हात फिरवून बघायचा. उशी उचलून खाली बघायचा.

तेव्हापासून राहायची सोय शोधतेय. दोन ठिकाणं बघून आले, नावं लिहीत नाही. पहिली जागा स्वच्छ, बाग वगैरे. व्यवस्थापक म्हणाले, "ताई, निर्धास्त राहा, संध्याकाळी सगळ्यांना टीव्हीसमोर बसवतो." मी म्हटलं, याला दिसत नाही आणि ऐकू येत नाही. तर म्हणाले, "चालतंय की, सगळ्यांबरोबर बसंल." दुसऱ्या जागी दादाला सोबत नेलं. एक मदतनीस पोरगा मागून आला आणि खांदे धरून त्याला खोलीकडं वळवायला लागला. दादानं घाबरून कोपर हाणलं. फॉर्मवर लगेच शेरा पडला: 'पेशंट आक्रमक'.

अंधांसाठी वेगळं, बहिऱ्यांसाठी वेगळं, मतिमंदांसाठी वेगळं असं काही ना काही आहे. शाळा तर आहेतच, पण त्या मुलांच्या. ४१ वर्षांच्या, डोकं शाबूत असलेल्या, कान-डोळे दोन्ही गेलेल्या माणसानं जायचं कुठं? कुणाला अनुभव असेल तर सांगा. आणि जागा बघायला गेल्यावर नेमकं काय बघायचं?

---

सडेतोड

राग मानू नका, पण आई जिवंत असताना मुलाला संस्थेत ठेवायचं म्हणजे टाकून देणंच. तुम्ही बहीण आहात ना? आपल्यात अजून इतकं वाईट दिवस आलेलं नाहीत.

---

दुधाळीकर

@सडेतोड, सांगलीत माझं दोन खोल्यांचं घर, सासूबाई अंथरुणाला, मी सकाळी आठ ते संध्याकाळी सहा बाहेर. माझ्याकडं आला तर दहा तास कुलपात. ते टाकणं नव्हे का?

---

बावड्याचा

सडेतोड, बोलायला सोपं असतंय भावा. आमच्या गल्लीत एक होती अशी मावशी, घरात चार माणसं असून दिवसभर कोपऱ्यात. कुणी हात लावंल तेव्हा कळायचं की सकाळ झाली.

ताई, माझी एकच सूचना, जरा वेगळी आहे. जागा बघायला जाल तिथं पुराचं विचारा. पंचगंगेला राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा आणि ४३ फुटाला धोका, हे आपल्याकडं शेंबडं पोरगं सांगतंय. २०१९ ला आम्ही बावड्यात रात्री माणसं काढत होतो. भोंगा वाजला, आरडाओरडा झाला, सगळे उठले. ज्याला भोंगा ऐकू येत नाही आणि माडीवर चढलेलं पाणी दिसत नाही, त्याला कोण आणि कसं सांगणार? ह्याचं उत्तर ज्याच्याकडं नाही त्याचा चहा पण पिऊ नका.

---

हातवारे

बावड्याचा, तुमच्या प्रश्नाला उत्तर आहे. बधिरांध, म्हणजे कान-डोळे दोन्ही अधू असलेल्या लोकांत, पाठीवर बोटानं मोठी फुली काढली की अर्थ एकच: संकट आहे, काही विचारू नको, माझ्याबरोबर चल. दुधाळीकर, ही खूण आजच दादांना शिकवा, आणि शेजारच्या दोन घरांनाही.

मी विशेष शिक्षिका, आता निवृत्त. थोडं सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे 'आंधळा अधिक बहिरा' अशी बेरीज करून काही हाती लागत नाही. अंध माणूस कानानं जग भरून काढतो, बहिरा डोळ्यानं. दोन्ही गेल्यावर हाताच्या टप्प्याबाहेर जगच नाही. म्हणून हे वेगळं अपंगत्व आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात बहुविकलांगतेखाली बधिरांधता नावानिशी आलेली आहे. युडीआयडी कार्डावर (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) नुसतं 'श्रवणदोष' असेल तर सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, जाऊन नव्यानं तपासणी करून घ्या. शाळेत असताना काढलेला जुना दाखला तसाच राहिलेला असतो, नेहमीचं आहे.

दुसरं, तुमचा प्रश्न: काय बघायचं. मी इमारत शेवटी बघते, आधी हात बघते. माणूस त्याच्याजवळ कसा येतो? समोरून किंवा बाजूनं येऊन दंडाला हलका स्पर्श, थोडं थांबणं, मग स्वतःची ओळख म्हणून अंगठी, कडं, जे असेल ते त्याच्या हाताला लावणं. आणि त्याचा हात वर, मदतनिसाचा खाली. वरून मनगट धरलं की माणूस ओढला जातो. खालून हात दिला की त्याला हवा तेव्हा तो काढून घेऊ शकतो. त्या पोराला हे कुणी शिकवलं नव्हतं, त्याचा दोष नाही. पण शेरा लिहिणाऱ्यानं आधी स्वतः डोळ्याला पट्टी आणि कानात बोळे घालून पंधरा मिनिटं बसावं आणि मग मागून कुणीतरी खांदे धरावेत.

अशरच्या पहिल्या प्रकारात कानातली तोल सांभाळणारी यंत्रणाही गेलेली असते. तोल डोळ्यावर चाललेला असतो, म्हणून अंधारात भिंत धरावी लागते. तुमचा दादा भित्रा नव्हता. आता त्याला सलग कठडा लागणार. मध्येच सुटणारा कठडा नसलेल्यापेक्षा वाईट. थोडा उजेड कळतोय तोवर रंगांचा विरोध वापरा: पांढऱ्या फरशीवर पांढरा कप ठेवला तर तो नाहीच. स्टीलच्या ताटात स्टीलची वाटी, तेच. गडद ताटात भात वाढा, फरक बघा. आणि डोळे वर्षातून एकदा दाखवत जा. पडद्याच्या या आजारात मोतीबिंदूही धरतो, तो काढला तर आहे तेवढा उजेड जरा साफ होतो. पडद्याचं गेलेलं त्या ऑपरेशननं परत येत नाही, एवढं धरून चला.

बधिरांधांसाठी काम करणाऱ्यांत मुंबईची हेलन केलर संस्था १९७७ पासूनची, आणि अहमदाबादची सेन्स इंडिया १९९७ पासूनची. जागा मिळेल न मिळेल, पण आपल्याकडच्या मदतनिसांना शिकवायला कुणी येईल का, हे त्यांना जरूर विचारा. माझ्या मते तयार घर शोधण्यापेक्षा बऱ्या घरातली दोन माणसं तयार करणं जास्त जमण्यासारखं आहे.

---

आजरा_घनसाळ

हातवारे, प्रतिसाद जपून ठेवतोय.

एक शंका. कानात बसवायचं ते यंत्र, कॉक्लिअर इम्प्लांट, त्यानं काही होईल का?

---

हातवारे

लहान वयात झालं असतं तर वेगळी गोष्ट. अशरची मुलं हल्ली लवकर ओळखली जातात, त्यांना करतातही. ४१ वर्षं ज्या मेंदूनं आवाज कधी ऐकलाच नाही, त्याला यंत्रानं बोलणं समजेल ही आशा फार कमी. तज्ज्ञाला विचारा, पण या आशेवर बाकीचं थांबवू नका.

---

मिसळणाचा_डबा

माझी मुलगी २६ वर्षांची. मला गरोदरपणी तिसऱ्या महिन्यात अंगावर पुरळ आलं, ताप आला, चार दिवसांत गेला. कुणी लक्ष दिलं नाही. तो रुबेला होता. मुलगी जन्मली ती दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऐकू येत नाही, हृदयाला छिद्र. (अवांतर: २०१८ च्या नोव्हेंबरात गोवर-रुबेला लसीची मोहीम आली तेव्हा आमच्या अपार्टमेंटमध्ये लोक 'कशाला उगीच सुई' म्हणत होते. मी दारोदार मुलीला घेऊन फिरले. भाषण केलं नाही. नुसती उभी राहिले.)

माझ्या नावाची गंमत सांगते. मुलीला खुणांची भाषाही पूर्ण येत नाही, मग 'आता काय, नंतर काय' कसं सांगणार? एका शिक्षिकेनं वस्तूंनी सांगायला शिकवलं. मी घरातला मिसळणाचा डबा रिकामा केला. सात वाट्या. पहिलीत टॉवेलचा तुकडा म्हणजे अंघोळ. दुसरीत लहान चमचा, नाश्ता. तिसरीत झोक्याच्या दोरीचा तुकडा, म्हणजे गच्चीवरचा झोका. काम झालं की ती वस्तू शेजारच्या डब्यात टाकायची, झाकण लावायचं. संपलं! आधी ती प्रत्येक गोष्टीला ओरडायची, चावायची. डबा आल्यावर सहा महिन्यांत निम्मं कमी झालं. उद्या काय होणार हे कळत नसेल तर मीसुद्धा चावेन.

आठवड्याचे पाच दिवस ती आता एका निवासी संस्थेत राहते. कोल्हापुरात नाही. संस्था प्रसिद्ध नाही, पत्रा आहे वर. पण मी डबा घेऊन गेले तेव्हा तिथल्या बाई म्हणाल्या, "आमच्याकडं दे, मी वाटीत काय काय आहे ते लिहून घेते." त्यांनी हिरव्या वहीत लिहून घेतलं आणि रात्रपाळीच्या बाईलाही बोलावून दाखवलं. मी तिथंच ठरवलं.

दुधाळीकर, दादांची अशी वही करा. कुठली खूण म्हणजे काय, चहा किती गरम, काय केलं की घाबरतो. आईंना आठवतंय तोवर.

---

वकिलीण

वही कराच. कागदांचंही बघा.

१. घाईघाईनं पालकत्वाच्या मागे लागू नका. दादा सज्ञान आहे, समजूत शाबूत आहे. २०१६ च्या कायद्याचं १३ वं कलम त्याला इतरांसारखीच कायदेशीर क्षमता देतं. मदत लागली तर १४ व्या कलमात मर्यादित पालकत्व आहे, म्हणजे त्याच्याशी बोलून, त्याच्यासोबत निर्णय. त्याच्याऐवजी नव्हे. राष्ट्रीय न्यासाच्या १९९९ च्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती पालक नेमते, त्यात बहुविकलांगता येते, पण ती वाट 'डबा' ताईंच्या मुलीसारख्यांना जास्त लागू. ताई, तुम्ही अर्ज केला नसेल तर करा. त्याच न्यासाची निरामय ही आरोग्य विमा योजनाही आहे, वर्षाला १ लाखापर्यंत.

२. संस्थेला ५० व्या कलमाखालची नोंदणी लागते. प्रमाणपत्र मागा, मुदत बघा. 'ट्रस्ट रजिस्टर आहे की' हे त्याचं उत्तर नाही, ते वेगळं.

३. वडील काय करत होते? सरकारी निवृत्तिवेतन असेल तर कमवू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला आईनंतर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं, वयाची अट आड येत नाही. पण नाव आई हयात असताना नोंदवून घ्या. नंतर फार चपला झिजतात.

आणि एक विचारते. एवढ्या प्रतिसादांत कुठंच आलं नाही म्हणून. दादाला विचारलंत का?

---

लीड्सची_थंडी

मूळचा गडहिंग्लजचा, सध्या इंग्लंडात. कान-डोळे दोन्ही अधू असलेल्या प्रौढांच्या निवासात पाच वर्षं काम करतोय, म्हणून लिहावंसं वाटलं.

आमच्याकडं नऊ जण राहतात. प्रत्येकाच्या खोलीच्या दाराला वेगळी वस्तू: कुणाच्या सुंभाचा तुकडा, कुणाच्या ब्रश, एका आजोबांच्या दाराला क्रिकेटचा अर्धा कापलेला बॉल. त्यावर हात फिरवला की 'माझी खोली'. मी कामावर गेलो की प्रत्येकाच्या हाताला माझं चांदीचं कडं लावतो, हुपरीचं. माझं नावच तिथं 'कडं' पडलंय.

इथं तपासणी करणारी सरकारी यंत्रणा आहे, ती प्रत्येक घराला चारांपैकी एक शेरा देते: उत्कृष्ट, चांगलं, सुधारणा हवी, अपुरं. अहवाल कुणीही वाचू शकतो. २०१४ च्या काळजीविषयक कायद्यानुसार बधिरांध माणसाच्या गरजा त्यातलं प्रशिक्षण घेतलेल्यानंच तपासायच्या असतात. हे आपल्याकडं हवंच. पण स्वर्ग समजू नका. आमच्याकडं माणसं टिकत नाहीत. दर दोन महिन्यांनी नवा चेहरा, म्हणजे नवा हात. एक बाई आहेत, त्यांनी गेल्या वर्षी नवीन हातांशी बोलणंच बंद केलं. कंटाळल्या. म्हणून जागा बघताना विचारा, इथं सगळ्यात जुना मदतनीस किती वर्षं कामाला आहे? बाग, टाइल्स नंतर.

वकिलीणबाईंना अनुमोदन. आमच्याकडं येणाऱ्या घरच्या लोकांना हाच प्रश्न सगळ्यात अवघड जातो.

---

सडेतोड

माझा पहिला प्रतिसाद मागं घेतो. माझ्या मामेभावाचं आठवलं. जास्त लिहीत नाही.

---

बावड्याचा

सडेतोड 🙏 या एकदा बावड्याला, मिसळ खाऊया.

ताई, उचगावची हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड आणि शेंडा पार्कची चेतना, दोन्हीकडं एकदा जाऊन या. हेल्पर्सचं काम मुख्यतः हातापायानं अधू असलेल्यांचं, नसीमादीदी हुरजूक यांनी १९८४ ला उभं केलेलं. चेतना मतिमंद मुलांची. दादाला थेट बसणार नाहीत हे कळतंय. पण जिल्ह्यात कोण काय करतंय हे अशा ठिकाणी जितकं कळतंय तितकं कचेरीत कळत नाही.

---

दुधाळीकर

नऊ दिवसांनी लिहितेय, माफी.

वकिलीणताई, नव्हतं विचारलं. तुमचा प्रतिसाद वाचून मोबाईल उलटा ठेवला आणि बराच वेळ तशीच बसले. आम्ही त्याला गाडीत घालून दोन ठिकाणी घेऊन गेलो, पण कुठं आणि कशाला ते सांगितलंच नव्हतं! आईला वाटलं मी सांगितलं, मला वाटलं आईनं. म्हणजे कोपर बरोबरच होतं.

रविवारी आई वॉकर घेऊन त्याच्याजवळ बसली. तिनं सांगितलं: मी म्हातारी, हाड मोडलं, पुढं काय? तू दुसरीकडं राहशील का? तो बराच वेळ तिच्या हातांवर हात ठेवून नुसता बसला. मग त्यानं सुरुवात केली आणि थांबेना. मला निम्मंच कळत होतं, आई सांगत होती. दवाखान्याच्या त्या दिवसांत त्याला वाटलं होतं की आई मेली आणि आम्ही लपवतोय. मी दोन दिवसांनी 'दवाखाना' सांगितलं, ते त्याला खोटं वाटलं होतं. आई परत आली तेव्हा त्यानं तिची पाटली का इतका वेळ धरून ठेवली होती ते मला आत्ता कळलं.

मग अटी घातल्या. वेणीचं काम सोबत पाहिजे. शनिवार-रविवार घरी. चहा दोन वेळा, आणि अर्धा कप चालणार नाही. तिथल्या एका तरी माणसाला खुणा आल्या पाहिजेत, नसतील येत तर तो शिकवेल. हे शेवटचं त्यानं दोनदा सांगितलं.

हातवारे, तुम्ही व्यक्तिगत निरोपात सांगितलेल्या ठिकाणी जाऊन आले. नोंदणीचं प्रमाणपत्र भिंतीवर होतं, मुदतीतलं. सगळ्यात जुने मदतनीस ११ वर्षं कामाला असलेले, कागलकडचे मामा आहेत. बधिरांध कुणी आजवर राहिलेलं नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं, ते मला बरं वाटलं. पुराचं विचारलं तर मामा हसले, "जागा टेकाडावर आहे ताई, पण फुली शिकवा." दादाचा हात वर आणि मामांचा खाली असं धरून मी दाखवलं. मामांच्या करंगळीत तांब्याची अंगठी आहे, दादानं ती तीनदा फिरवून बघितली.

आठ दिवस राहून बघायचं ठरलंय, गणपती झाल्यावर. पहिले दोन दिवस मी तिथंच झोपणार. वडील जिल्हा परिषदेत शिक्षक होते, पेन्शनच्या नोंदीचा अर्ज परवा दिला. हिरवी वही मिळाली नाही, निळी घेतली. आई सांगते, मी लिहिते, ३१ पानं झाली.

आता एक फालतू प्रश्न. गडद रंगाची, जड बुडाची ताटं कुठं मिळतील? लक्ष्मीपुरी पालथी घातली, जिकडं तिकडं स्टील.

---

आजरा_घनसाळ

महाद्वार रोडला भांड्यांच्या दुकानात मेलामाईनची विचारा. खानावळीवाले नेतात तसली. निळी नक्की असतात, काळी मागवून देतील.

---

मिसळणाचा_डबा

काठ उभा असलेली घ्या हो, म्हणजे घास काठाला ढकलून चमच्यात येतो. आणि दोन जास्त घ्या, तिथली फुटतात.